एक काडतूस, दोन हत्यारे : कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीतील बंदुकीच्या निवडीचा विचार

बंदुकीच्या इतिहासाकडे पाहणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष बहुधा नळी, चाप आणि कारागिरी यांकडे जाते. काडतुसाकडे ते क्वचितच वळते. वास्तविक बंदूक एकदाच विकत घेतली जाते, काडतूस मात्र पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. म्हणूनच ज्याच्या हाती काडतुसाचा पुरवठा, त्याच्याच हाती बंदुकीचा खरा ताबा असतो. कर्जत व खालापूर या तालुक्यांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वस्त्यांचा गेल्या दीड शतकाचा इतिहास या दृष्टीने तपासला, तर हत्याराची निवड ही केवळ तंत्राची बाब नसून राज्यसत्ता आणि प्रजा यांच्या परस्परसंबंधांची बाब आहे, हे स्पष्ट होते. तुलनेसाठी येथे अमेरिकेतील एक प्रसिद्ध उदाहरण घेतले आहे. पिस्तुलाचेच काडतूस वापरणारी तरफेची रायफल हे ते उदाहरण होय.

या रायफलीची रचना साधी आहे. चापाभोवतीची कडी पुढे ढकलून परत ओढली की रिकामे टोपण बाहेर पडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक ठेवलेल्या काडतुसांपैकी एक कोठीत येऊन बसते. विंचेस्टर कंपनीने १८७३ साली काढलेल्या नमुन्यात ४४-४० या नावाचे काडतूस होते. यातील पहिला आकडा गोळीचा व्यास इंचाच्या शतांशांत दाखवितो व दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये. गोळी २०० ग्रेनांची असे. १८७८ च्या सुमारास कोल्ट कंपनीने आपले सहाबारी रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी तयार केले. त्यामुळे घोड्यावरून दूरवर हिंडणाऱ्या माणसाला कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही हत्यारांत घालता येऊ लागली. दुकान शंभर मैलांवर असेल तेथे ही सोय लहान नव्हती.

या सोयीची किंमतही मोजावी लागे. १८७३ च्या नमुन्यातील सांध्याची यंत्रणा फार दाब सोसू शकत नसे, म्हणून लांब व जोरदार काडतूस तिच्यात बसविता येत नव्हते. शिवाय नळकांड्यात एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकत असल्यामुळे गोळीचे टोक चपटे ठेवावे लागे. अणकुचीदार टोक असल्यास धक्क्याने नळकांड्यातच बार उडण्याचा धोका असतो. चपट्या गोळीचा वेग हवेत लवकर मंदावतो. परिणामी या रायफलीचा उपयोग शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंतच भरवशाचा राही. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९२ च्या नमुन्यात यंत्रणा बळकट झाली व वजनही घटले. परंतु काडतूस तेच राहिल्यामुळे मर्यादाही तीच राहिली. १९३५ साली .३५७ मॅग्नम आणि १९५५ साली .४४ मॅग्नम ही पिस्तुलाची जोरदार काडतुसे आली, तेव्हा या जुन्या कल्पनेला नवा जोम मिळाला. तेच काडतूस लांब नळीतून उडविले की दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवधी मिळतो आणि वेग बराच वाढतो, हे त्यामागील कारण होय.

१८७७ साली प्लेव्हना येथे तुर्की सैन्याने वेगळी वाट धरली होती. दूरच्या माऱ्यासाठी त्यांच्याकडे पीबडी-मार्टिनी रायफली होत्या. रशियन पायदळ जवळ येताच ते विंचेस्टर हाती घेत. म्हणजे दोन अंतरांसाठी दोन हत्यारे आणि दोन काडतुसे. ज्या सैन्यामागे कोठारे उभी असतात त्याला हे परवडते. एकट्या माणसाला ते परवडत नाही, आणि एक काडतूस असावे ही गरज मुळात एकट्या माणसाचीच आहे.

आता कर्जतकडे वळावे. उल्हास व पाताळगंगा यांच्या खोऱ्यांमधील ही डोंगरपट्टी एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे ती कुलाब्यात गेली व कुलाब्याचे नामांतर १९८१ साली रायगड असे झाले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. त्या घाटातील एका थांब्याचे नाव आजही ठाकुरवाडी असे आहे. हेच नाव धारण करणाऱ्या वाड्या दोन्ही तालुक्यांत अनेक आहेत. नाचणी, वरी आणि खाचरांतील भात ही तेथील पिके. पीक दाण्यावर आले की रानडुकरांपासून त्याचे राखण हे घरातील कोणाचे तरी रात्रीचे काम ठरलेले असे. माळ्यावर बसावयाचे, गोफण फिरवावयाची, डबे वाजवावयाचे. आणि वाडीत एखाद्याकडे ठासणीची बंदूक असलीच, तर तिचा बार काढावयाचा.

केवळ तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर या भूमीला पिस्तुलाच्या काडतुसाची हलकी रायफल चांगली मानवली असती. कारवीच्या दाट रानात व खाचरांच्या बांधांवर पन्नास यार्डांपलीकडे नेम धरण्याचा प्रसंग थोडाच येतो. डुकराचा कळप अंधारात उसळला असता ठासणीच्या बंदुकीचा एक बार होऊन जातो आणि पुन्हा दारू, गोळी व टोपी भरीपर्यंत शेत मोकळे पडते. तरीही ठाकूर शेतकऱ्याच्या हातात ती रायफल आली नाही. याचे कारण दारिद्र्य, असे सांगून हा विषय सहसा संपविला जातो. दारिद्र्य हे कारण खरेच आहे, पण अपुरे आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजी राज्याच्या शस्त्रनीतीत एक सूत्र सातत्याने दिसते : देशी माणसाच्या हातातील हत्यार गोऱ्या सैनिकाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागे असावे, आणि एकाचे काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालू नये. उठावानंतर काही देशी पलटणींना गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. १८७८ च्या अकराव्या कायद्याने, म्हणजे लिटनच्या हत्यारबंदीने, सर्वसामान्य प्रजेला परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना मात्र सूट होती. पुढील वर्षीच वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे, म्हणजे याच डोंगरपट्टीच्या पायथ्याचे. कोकणातील या हालचालींमुळे सरकारला आपल्या कायद्याचे समर्थनच सापडले असावे, हे अनुमान वावगे ठरू नये.

काडतुसांची ही फाळणी कोणत्या थराला गेली होती, हे दोन उदाहरणांवरून दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांची हिंदुस्थानात खासगी आयात बंद केली, कारण त्यांची गोळी जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरता येण्याजोगी होती आणि त्या रायफली सरहद्दीवरील टोळ्यांपर्यंत पोहोचलेल्या होत्या. शिकारी साहेबांची त्यामुळे अडचण झाली. लंडनच्या कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी थोड्या निराळ्या मापाची काडतुसे पुरवून ती दूर केली. या प्रसिद्ध शिकारी मापांच्या प्रसाराला हत्तीच्या कातडीइतकाच सरकारचा हुकूमही कारणीभूत आहे, ही गोष्ट शिकारकथांत सहसा येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ईशापूरच्या कारखान्यात सैन्याच्या .३०३ ली-एनफील्ड रायफलीची नळी कोरून गुळगुळीत केली जाई, तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसेल अशी तजवीज होई आणि .३०३ च्याच टोपणाचे तोंड रुंद करून .४१० चे काडतूस बनविले जाई. हे ‘मस्केट’ पोलिसांना व पहारेकऱ्यांना मिळे. बाहेरून ती सैनिकाचीच बंदूक दिसे. पण सैनिकाचे काडतूस तिला निरुपयोगी होते आणि तिचे काडतूस सैनिकाच्या बंदुकीला. अमेरिकेतील कारखानदाराने दोन हत्यारांना एक काडतूस दिले. येथे एकाच हत्याराची दोन रूपे करून त्यांची काडतुसे मुद्दाम तोडण्यात आली.

या व्यवस्थेत डोंगरातील माणसाच्या वाट्याला ठासणीची बंदूक आली, आणि तिला काडतूसच नसते. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू, शिशाचे छर्रे किंवा लोखंडाचे तुकडे आणि एक टोपी, एवढ्यावर ती चालते. जे हाती लागेल ते तिच्या पोटात जाते. पुरवठ्याचा प्रश्न सोडविण्याचा हा दुसरा मार्ग म्हणावा लागेल. विंचेस्टरने काडतूस एक केले. ठासणीच्या बंदुकीने ते नाहीसेच केले. अर्थात् या स्वातंत्र्यालाही सीमा होती. दारू घरी बनविणे गुन्हा होता, आणि टोपी तर कारखान्यातूनच येत असल्यामुळे शहरातील परवानाधारक विक्रेत्याचे दार चुकत नसे. सर्वच डोंगरी समाजांची स्थिती अशी नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. कूर्गमधील कोडवांना हत्यारांच्या कायद्यातून सूट मिळाली. ठाकुरांना ती कधी मिळाली नाही. सत्तेला उपयोगी पडलेल्या आणि न पडलेल्या डोंगरवासीयांमधील हा भेद होता.

१९४२ च्या आंदोलनात या मुलखाचे नाव पुन्हा गाजले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. दस्त्याचे सर्वांत परिणामकारक कार्य बंदुकीचे नव्हते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. साठ-पासष्ट वर्षे हत्यारबंदी भोगलेल्या प्रदेशात प्रतिकाराने बंदुकीपेक्षा मनोऱ्याच्या पायाकडे मोर्चा वळविला, यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. वंशावर आधारलेला भेद गेला. परंतु काडतुसांच्या फाळणीचे जुने सूत्र बऱ्याच अंशी कायम राहिले. १९६२ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यांत चालेल अशा रायफली निषिद्ध वर्गात घातल्या गेल्या; .४१० चे मस्केटही त्याच वर्गात गेले. एवढेच नव्हे, तर .३८० व .४५५ ची कडेची काडतुसे अथवा ९ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यांत बसेल अशी पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे व कार्बाइनी यांचाही त्यात समावेश झाला. पिस्तुल आणि कार्बाइन यांचा एकाच कलमात, एकाच काडतुसाच्या निकषावर केलेला हा उल्लेख महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ग्राहकाला जी सोय वाटली, तीच येथील नियमकर्त्याला नेमका धोका वाटली. नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल व .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. दोहोंची काडतुसे सैन्याच्या काडतुसांपासून निराळी आणि परस्परांपासूनही निराळी.

४४-४० चे माप निषिद्धांच्या यादीत नावाने नव्हते. परंतु १९८० च्या दशकापासून खासगी आयात जवळजवळ थांबली, त्यामुळे जुन्या घराण्यांत उरलेली एखादी विंचेस्टर काडतुसाअभावी भिंतीवरची शोभा झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. म्हणजे दोन हत्यारांची जोडी कायद्याने अजून शक्य आहे. पण त्या जोडीला एकच काडतूस मिळणे व्यवहारात दुर्घट आहे.

शेतकऱ्याविषयी १९५९ च्या अधिनियमाचे तेरावे कलम विशेष वाचनीय आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास वाटल्यास किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, असे त्यात म्हटले आहे. ठासणीची बंदूक ही अशा रीतीने सक्तीची उरलेली वस्तू न राहता कायद्याने नेमून दिलेले शेतीचे अवजार ठरली. ती पुरेशी की अपुरी हे ठरविण्याचा अधिकार मात्र माळ्यावर बसणाऱ्याकडे नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध घातले. उभ्या पिकाची नासधूस करणारे जनावर मारावयाचे असल्यास अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी लागू झाली. रानातील जीवसृष्टीची झालेली हानी पाहता हा कायदा अवश्य होता, याविषयी दुमत होऊ नये. परंतु त्यामुळे बंदुकीचा परवाना आणि ती झाडण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी झाल्या, हेही खरे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले व त्याच्या सीमेत कर्जत तालुक्याचा काही भाग आला. त्याच अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्यात व त्याच्या दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वन खात्याकडे आपली नोंद करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून दिला जात नाही. तालुक्याच्या पूर्वेकडील कित्येक वाड्या या दहा किलोमीटरांत येतात. तेथे भात पिकू लागले की राखणीसाठी माळे अजूनही उभे राहतात.