‘तारीफ-इ-हुसेनशाहीं’तील पुसलेली राणी

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाची फारसी पद्यमय पोथी आहे. आफ्ताबी नामक कवीनें तींत अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाची (कारकीर्द १५५३–१५६५) स्तुति केली आहे. मूळच्या १४ चित्रांपैकीं १२ आज अवशिष्ट असून, अहमदनगरच्या उपलब्ध चित्रांत हीं सर्वांत जुनीं गणलीं जातात.

चित्रांचा काल ठरविण्यास दोन आंतर प्रमाणें आहेत. पहिलें, राक्षसतागडीचा संग्राम. जानेवारी १५६५ मधील त्या लढाईचें व रामरायाच्या शिरच्छेदाचें चित्रण पोथींत आहे. अर्थात् तें त्यापूर्वीचें असूं शकत नाहीं. दुसरें प्रमाण राणीचें. हुसेनशहा त्याच वर्षीं वारला व अल्पवयी पुत्र मुर्तजा याच्या नांवें राणी खुंझा हुमायून हिनें कारभार हातीं घेतला. शहाशेजारीं सिंहासनावर राणी बसलेली दाखविणें दरबारी चित्रांत विरळा. येथें तें एकाहून अधिक वेळां आढळतें. पुढें मुर्तजानें मातेस कैद केलें. आणि नेमकी तिचीच आकृति बहुतेक चित्रांतून मागाहून नाहींशी केलेली आहे. चित्रण राणीच्या अमदानींतील व पुसणें तिच्या पतनानंतरचें, असें मानल्यास दोहोंचाही उलगडा होतो.

आणखी एक चित्र संस्कृतज्ञांनीं अवश्य पाहण्याजोगें आहे. त्यांत स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष बहरला आहे. हा ‘दोहद’ संकेत होय. ‘मालविकाग्निमित्रा’चा तिसरा अंक मालविकेच्या चरणाघातानें अशोक फुलविण्याच्या याच कल्पनेवर उभा आहे. फारसी स्तुतिकाव्याच्या पोथींत तो यावा, यावरून चिताऱ्यास देशी परंपरा परकी नव्हती, इतकें आम्हांस निश्चित दिसतें.

पोथीसंग्राहकांस आमची एक विनंती आहे. जुन्या चित्रांवरील डाग, खाडाखोड वा रंगाचा थर दिसतांच तें वैगुण्य समजून कुशल चिताऱ्याकडून ‘दुरुस्त’ करून घेण्याचा मोह अनेकांस होतो. राणीच्या रिकाम्या जागीं कोणी नवी आकृति रंगविली असती, तर चित्र कदाचित् देखणें झालें असतें. परंतु निजामशाही दरबारांतील सत्तांतराचा हा मूक साक्षीदार कायमचा नष्ट झाला असता. लेखांतील खोडलेली ओळ आपण जशी जपतों, तशीच चित्रांतील पुसलेली आकृतिही जपली पाहिजे.