लहान आगगाडीचा आवाज

खेळण्यांचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे तो पाहतां पाहतां प्रौढांचा इतिहास होऊन बसतो. आगगाडीच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे. आजचा माझा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. टेबलावर मांडलेल्या रुळांवरून धांवणाऱ्या वीतभर इंजिनास हुकूम कसा द्यावा, आणि त्या इंजिनानें आवाज कसा करावा, एवढाच तो विषय. परंतु या दोन प्रश्नांच्या पाठीमागें कारागीर, वीजतज्ज्ञ आणि हौशी लोक गेल्या शतकभर लागलेले आहेत. आणि आतां हा हुकूम बिनतारी लहरींवरून जाऊं लागल्यावर, त्या हुकमावर मालकी कोणाची, असा एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे.

जर्मनींतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या वासंतिक मेळ्यांत किल्लीची आगगाडी मांडली. खेळांतली गाडी त्या काळीं नवी नव्हती. ठराविक मापाचे रूळ तुकड्यातुकड्यांनीं विकत घेऊन मार्ग हवा तितका वाढवीत न्यावा, ही युक्ति नवी होती. किल्लीच्या इंजिनास हुकूम एकच: स्प्रिंग सुटेपर्यंत धांवणें. पुढें रुळांत वीज आली. १९३५ च्या सुमारास १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या विजेच्या गाड्या बाजारांत आल्या, आणि खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाचें प्रमाण कालांतरानें जगभर रूढ झालें. पुण्यास कोथरूडमध्यें १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय आपणांपैकीं पुष्कळांनीं मुलांबरोबर जाऊन पाहिलें असेल. तेथें एकाच वेळीं अनेक गाड्या धांवतांना पाहून मुलें हरखतात. जाणत्यांच्या मनांत मात्र येतें कीं, या गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहींत?

शंका रास्त आहे. रुळांत वीज सोडली कीं त्या रुळांवर जें जें इंजिन उभें असेल तें तें धांवूं लागतें. दाब वाढविला कीं सर्वांचाच वेग वाढतो, वीज उलट फिरविली कीं सर्वच मागें येतात. म्हणजे हुकूम इंजिनास नसतो, रुळास असतो. यावर जुना उपाय असा कीं, रूळ ठिकठिकाणीं तोडून त्यांचे वेगवेगळे विभाग करावे आणि प्रत्येक विभागास स्वतंत्र खटका बसवावा. मोठ्या मांडणींत खटक्यांची अशी गर्दी होई कीं, ड्रायव्हर होण्याच्या हौसेनें बसलेला गृहस्थ अखेरीस वीजघरांतला कारकून होऊन बसे.

या जाचांतून सुटण्याची धडपड बरीच जुनी आहे. अमेरिकेच्या लायनेल कंपनीनें १९३५ सालीं इंजिनामागच्या कोळसागाडींत एक चिमुकला पंखा बसविला. हा पंखा हवा फुंकी आणि शिटी वाजे. गाडी प्रत्यावर्ती विजेवर चाले. बटण दाबलें कीं तिच्यांत थोडी एकदिश वीज मिसळे, आणि आंतला विद्युत्‌-खटका तेवढी ओळखून पंखा चालू करी. एकाच तारेंतून शक्ति आणि निरोप असे दोन्ही पाठवावयाचे, हें मर्म त्या शिटींत पहिल्यानें हातीं आलें असें मला वाटतें. याच कंपनीनें १९४६ सालीं रुळांतून रेडिओच्या निरनिराळ्या कंपनांचे संदेश पाठवून गाड्या चालविण्याचा संच काढला. कल्पना उत्तम, पण किंमत भारी; कांहीं वर्षांतच तो बंद पडला.

त्याच १९४६ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं आपलें लघुरेल्वे-मंडळ काढलें. टेलिफोन-कचेऱ्यांत वापरतात तसे खटके जमवून त्यांनीं आपल्या रुळांखालीं तारांचें अरण्य उभें केलें. संगणकाच्या जगांत आज सर्वतोमुखीं झालेला ‘हॅकर’ हा शब्द रुजला तो मुख्यतः याच मंडळाच्या बोलींतून. ज्यांना आपलीं मुलें रुळांशीं खेळण्यांत वेळ दवडतात अशी चिंता आहे, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

खरी क्रांति झाली ती सूक्ष्म-संगणक स्वस्त झाल्यावर. इंग्लंडांत हॉर्नबीनें १९७९ सालीं ‘झीरो वन’ नांवाची पद्धति आणली. तिच्यांत सोळा इंजिनांस वेगवेगळे हुकूम देतां येत. १९८०–९० या दशकाच्या मध्यावर मेर्क्लिननें ऐंशी इंजिनांची सोय केली. मात्र प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी होती. एकाचें इंजिन दुसऱ्याच्या यंत्राचा शब्द समजेना. ग्राहकानें एकदां एका घराण्याचा गंडा बांधला कीं तो जन्माचा बांधला! अखेर, १९३५ पासून हौशी लोकांनीं चालविलेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या अमेरिकन संस्थेनें हा गुंता हातीं घेतला. जर्मनींतील बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा पाया घेऊन, तिच्यांत भर घालून, संस्थेनें १९९४ सालीं एक सार्वजनिक नियमावली मंजूर केली. हिलाच डीसीसी म्हणतात.

तिची रचना मोठी सुबक आहे. रुळांतील विजेची दिशा सेकंदांत हजारों वेळां उलटसुलट होते. ५८ मायक्रोसेकंदांनीं उलटली तर तो ‘एक’, शंभर किंवा त्याहून अधिकांनीं उलटली तर तें ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या माळेंत प्रथम इंजिनाचा क्रमांक येतो, मग हुकूम, आणि शेवटीं पडताळा. कचेरींतला पट्टेवाला दारांत उभा राहून नांवाचा पुकारा करतो. तो ऐकतात सगळे, पण आंत जातो तो ज्याचें नांव असेल तोच. तसेंच येथें आहे. इंजिनाच्या पोटांत डीकोडर नांवाची नखाएवढी पट्टी असते. ती प्रत्येक पुकारा ऐकते, पडताळा जुळला नाहीं तर तो टाकून देते, आणि क्रमांक आपला असेल तरच मोटारीस वीज सोडते. रुळांवर धूळ बसली, एखादा पुकारा हरवला, तरी बिघडत नाहीं; कारण हुकूम पुनःपुन्हा पुकारला जातच असतो. ही नियमावली कोणा एका कारखान्याच्या तिजोरींत नसून सर्वांस वाचावयास खुली आहे. म्हणूनच १९९४ नंतर त्या नियमांस धरून केलेलें इंजिन आज दुसऱ्याच कारखान्याच्या यंत्रावर चालतें.

आतां आवाजाकडे वळूं. रेडिओवर बोलणाऱ्यास हा भाग अधिक जवळचा. वाफेच्या इंजिनाचा ‘झुक्‌झुक्‌’ हा शब्द आपण सैलपणें वापरतों, पण त्याला गणित आहे. दोन सिलिंडरांच्या सामान्य इंजिनांत चाकाच्या एका फेऱ्यास चार हुंकार होतात. तीन सिलिंडर असले तर सहा. जाणता मनुष्य डोळे मिटूनहि इंजिनाची जात सांगतो. ब्रिटिश रेल्वेवरील वाफेची नियमित वाहतूक १९६८ सालीं संपली. भारतांत ब्रॉडगेजवर ती १९९५ पर्यंत टिकली. हे आवाज जाणार हें ओळखून पीटर हँडफर्ड नांवाच्या इंग्रज ध्वनिलेखकानें १९५० नंतरच्या वर्षांत रात्री-बेरात्रीं चढावांवर आणि स्टेशनांवर यंत्र घेऊन बसून ते टिपून ठेवले व त्यांच्या तबकड्या प्रसिद्ध केल्या. पुढें याच गृहस्थास ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटाच्या ध्वनीबद्दल ऑस्कर मिळालें.

आजचा ध्वनि-डीकोडर हेंच काम उलट्या बाजूनें करतो. खऱ्या इंजिनांचे टिपलेले आवाज त्याच्या स्मृतींत तुकड्यातुकड्यांनीं साठविलेले असतात. तो क्षणमात्र मोटारीची वीज तोडतो आणि फिरती मोटार स्वतः किती वीज उत्पन्न करते तें मोजतो. त्यावरून चाकाची गति कळते, आणि हुंकार चाकाशीं जुळवितां येतात. ओझें वाढून मोटार मंदावूं लागली कीं तो अधिक शक्ति देतो व हुंकारहि जड करतो. उतारावर तो आवाज हलका होतो. एवढें सगळें साखरेच्या चौकोनी वडीसारख्या कर्ण्यांतून ऐकावयाचें!

येथेंच एक अडचण आहे, आणि ती कोणाच्याहि कौशल्यानें सुटण्यासारखी नाहीं. इंजिन ८७ पटींनीं लहान करतां येतें, पण हवा लहान करतां येत नाहीं. सेकंदास शंभर कंपनांच्या सुराची लहर साडेतीन मीटरांच्या आसपास असते. ती वडीएवढ्या कर्ण्यानें कशी हलवावी? मग आपला कान मदतीस येतो. लहानशा रेडिओवरहि डग्ग्याचा घुमारा ओळखूं येतो, तो वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर मन भरून काढतें म्हणून. लहान इंजिनाचा खर्जहि निम्मा श्रोत्याच्याच डोक्यांत वाजत असतो.

राहतां राहिला ब्लूटूथ. दहाव्या शतकांतील एका डॅनिश राजाच्या टोपणनांवावरून ओळखली जाणारी ही जवळच्या अंतराची रेडिओपद्धति १९९८ पासून एका संघटनेच्या हातीं आहे. हॉर्नबीनें २०२२ सालीं जाहीर केलेल्या एचएम-७००० मालिकेंतील डीकोडरांत ती बसविलेली आहे. येथें रुळांनीं फक्त शक्ति वाहावयाची. हुकूम मोबाइल फोनवरील ॲपमधून हवेंतून येतो, आणि नव्या इंजिनाचा ध्वनिसंचहि त्याच वाटेनें त्याच्या पोटांत उतरतो. निराळें नियंत्रण-यंत्र घ्यावें लागत नाहीं, हा लहान घरांस मोठाच लाभ आहे. मुलांना तें चटकन्‌ साधतें. थोरांची एक तक्रार मात्र मला पटते: गोल बटण बोटांस न पाहतां कळतें, कांच कळत नाहीं, आणि नजर गाडीवरून निघून फोनवर गेली कीं खेळाचा अर्धा रस गेलाच.

याहून मोठी गोष्ट निराळी आहे. रेडिओची पद्धति सर्वांची असली तरी तिच्यावरून जाणारी इंजिनाची भाषा पुन्हा ज्याची त्याची झालेली आहे, आणि तिचा अर्थ सांगणारें ॲप एका कारखान्याच्या मर्जीवर जगतें. फोन दर दोन-चार वर्षांनीं बदलतात. इंजिन मात्र नातवाच्या हातीं जावें अशी घेणाऱ्याची इच्छा असते. त्यांतल्या त्यांत समाधानाची बाब ही कीं, वर सांगितलेले डीकोडर रुळांतून येणारा जुना डीसीसीचा पुकाराहि ऐकतात. तेव्हां ज्यांना हा छंद नव्यानें धरावयाचा असेल, त्यांनीं इंजिन विकत घेतांना दुकानदारास एवढें अवश्य विचारावें कीं, फोन बाजूस ठेवला तर हें इंजिन रुळांतला हुकूम ऐकतें कीं नाहीं. आणि तो हो म्हणाला, तर तेथल्या तेथें रुळांवर ठेवून तें ऐकून पाहावें.