भाडेपावतीवरचं नाव

स्नेहसंमेलनाच्या समितीने मला काम दिलं ते अगदी माझ्या पेशाला साजेसं : "तू कॉम्प्युटरवाली, तू सगळ्यांचे पत्ते गोळा कर." एक्सेलची शीट उघडली, पण जुने पत्ते कुठून आणायचे? मग कपाटातून दहावीच्या निरोप समारंभाची स्वाक्षरीवही काढली. 1996 चा मार्च. प्रत्येकाने शुभेच्छांखाली आपला पूर्ण पत्ता लिहिला होता, खोली नंबरासकट. गणेश गल्ली, मेघवाडी, चिवडा गल्ली, काळाचौकी, अभ्युदय नगर, डिलाईल रोड. एकूण चोपन्न पत्ते, आणि त्यातला एकही शाळेपासून चालत वीस मिनिटांपेक्षा लांब नव्हता.

दुसऱ्या रकान्यात आजचे पत्ते भरत गेले. बदलापूर, विरार, दिवा, कल्याण, खारघर, पुणे, एक न्यू जर्सी. मी स्वतः ठाण्याची. लालबाग-परळमध्ये उरलेत फक्त नऊ जण. आपण सगळे इथून गेलो कसे, हे त्या दोन रकान्यांमधल्या रिकाम्या जागेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "सनावळ्या पाठ करू नका, कारणं शोधा." बाई, तीस वर्षं उशीर झालाय, पण हा गृहपाठ तपासून घ्या.

सुरुवात अर्थातच गिरण्यांपासून. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा पट्टा धुराड्यांनी भरला. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून माणसं आली. त्यांना राहायला जागा हवी होती आणि ती गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात हवी होती, कारण पाळी चुकली की दिवसाची मजुरी गेली. म्हणून चाळ. एका गावचे लोक मिळून एक खोली घेत. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर पथारी टाकत. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा अशाच गावकीच्या खोल्यांतून राहिले.

1896 च्या प्लेगने या दाटीचा भयंकर हिशोब मागितला. त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले. 1920 मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. आमची चाळ मात्र खासगी मालकाची, त्याच सुमाराची. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, वर पोटमाळा, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला संडास.

इथे जागेचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे सांगायला लालबागच्या राजाची गोष्ट पुरे. आज रांगेत तासन् तास उभं राहणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं की हा गणपती मुळात जागेसाठी बोललेला नवस आहे. 1932 साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला. कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर बसू लागले. हक्काच्या बाजारासाठी त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि 1934 मध्ये त्यांनी गणपती बसवला. आपल्या विभागाचं सगळ्यात मोठं दैवत बाजाराच्या जागेसाठी पावलेलं आहे!

आता येते भाडेपावती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची प्रचंड टंचाई झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, भाडे नियंत्रण कायदा झाला आणि भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली गेली. मी दहावीत असताना आमच्या खोलीचं भाडं वीस रुपयांच्याही आत होतं. दर महिन्याला मालकाचे मेहताजी यायचे आणि पातळ गुलाबी कागदावर बाबांचं नाव लिहून पावती द्यायचे. आई ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायची. मला वाटायचं, ती वीजबिलासारखीच काहीतरी असेल. घर म्हणजे खरं तर तो कागद आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

या कायद्याने दोन परस्परविरोधी गोष्टी केल्या. गिरणी कामगाराला शहराच्या मध्यावर टिकवून धरलं, हे त्याचं पुण्य. आणि इतक्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, म्हणून चाळी पोखरल्या, हे त्याचं पाप. पावसाळ्यात घरं कोसळू लागली तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, रहिवाशांकडून उपकर घेऊन दुरुस्ती करण्यासाठी. आपल्या चाळींना टेकू लागले. आम्ही त्या टेकूंभोवती लपंडाव खेळलो.

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. मी तेव्हा दोन वर्षांची. त्यामुळे मला संप आठवत नाही, त्याचा उरलेला काळ आठवतो. बाबा साचे खात्यात होते. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. आयुष्यभर विणकाम केलेल्या माणसाने नंतर एका गोदामाच्या दारात रखवालदारी केली. घर चाललं ते आईच्या खाणावळीवर. गावाहून एकटे आलेले कामगार तिचे 'मेंबर'. परळ-दादरच्या अशा खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये उभं केलं होतं. पण संपात मेंबर गावी गेले आणि त्यांची उधारी आईच्या वहीतच राहिली. ती वही तिने अजून टाकलेली नाही.

त्या दिवसांत कित्येकांनी पगडी घेऊन खोली सोडली आणि वांगणी-बदलापूरचा रस्ता धरला. पगडी तेव्हा कायद्याला मान्य नव्हती, तिला मान्यता मिळाली ती 1999 च्या भाडे कायद्याने. आमच्याकडेही गिऱ्हाईक आलं होतं. बाबा तयार होते. आई म्हणाली, "पोरीची शाळा इथे आहे." वाक्य एवढंच. माझं इंजिनिअरिंग, माझी नोकरी, माझं ठाण्याचं घर हे सगळं या वाक्यावर उभं आहे.

आपण दहावी होईपर्यंत गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न पेटला होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत कलम 58 होतं. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या बाईला हे लगेच कळतं : एका अटीत एक शब्द बदलला की उत्तर पार बदलतं. समजा पंधरा एकरांची गिरणी आहे आणि शेड, गोदामं सोडून तीनच एकर मोकळे आहेत. मग शहराच्या आणि घरांच्या वाट्याला पाच-पाच एकरांऐवजी एक-एक एकर येतो. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढे काय उभं राहिलं ते आपण लालबागच्या उड्डाणपुलावरून बघतोच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझं पहिलं ऑफिस अशाच एका गिरणीच्या आवारात होतं. चिमणी शोभेसाठी ठेवली होती. पहिल्या पगाराच्या दिवशी मी बाबांना ते दाखवायला नेलं. फाटकावर रखवालदाराने त्यांची पिशवी तपासली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त आत आल्यावर म्हणाले, "इथे एसीचं बरं आहे. आमच्या खात्यात तंतू तुटू नये म्हणून दमट ठेवायचे." जागांचे भाव चढवणाऱ्या नव्या नोकऱ्यांमध्ये माझीही एक होती, हे मी विसरत नाही.

गिरणी कामगारांना घरं मिळाली ती मोर्चे काढून. 2012 मध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, 225 चौरस फुटांच्या घरांची. तिथेही कागदच : 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होतो याचा पुरावा. तिकीट नंबर, हजेरी पास, पगारपत्रक. बाबांनी सगळे कागद जपून भरले. सोडतीत नंबर लागायच्या आत ते गेले.

आता चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आलाय. उपकरप्राप्त इमारतीला पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने. मी नेहमीप्रमाणे शीट बनवली आणि आईला सांगितलं, "फायद्याचं आहे, सही कर." भाडेपावती बाबांमागे आता तिच्या नावावर आहे.

तिने दोन प्रश्न विचारले. पहिला : "मेंटेनन्स कोण भरणार?" दुसरा : "मागच्या चाळीतले लोक परत आले का?" मागची चाळ पाडून चौदा वर्षं झाली. बिल्डरने पर्यायी जागेचं भाडं दोन-अडीच वर्षं दिलं, मग बंद केलं. तिथले आपल्या वर्गातले तिघे अजून बाहेर आहेत. माझ्या शीटमध्ये या दोन्ही प्रश्नांना रकाना नव्हता.

मी जुन्या चाळीचं गुणगान करणार नाही. सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहून कोणाला दहावीचा अभ्यास करायचा आहे? आईचे गुडघे गेलेत, तिला लिफ्ट हवी आहे. पण हिशोबात एक चूक आहे, ती मला आता दिसते. एका खोलीत एक नाव पावतीवर असायचं आणि त्या नावाच्या आडोशाला दहा माणसं राहायची : काका, गावचा पोरगा, शिकायला आलेली भाची. नव्या घराचा हक्क एका नावाला मिळतो. उरलेली नऊ माणसं कोणत्याच कायद्याला दिसत नाहीत. तीच आपली वर्गातली गर्दी होती. आपल्या वेळी प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, आज एक भरायला सरांना दारोदार फिरावं लागतं. मराठी शाळा का ओस पडल्या याची चर्चा करताना भाषेबरोबर भाडेपावत्याही बघायला हव्यात.

आईने शेवटी सही केली, पण तिच्या पद्धतीने. चाळीतल्या बायकांना जमवलं आणि दोन अटी करारात घालायला लावल्या : तीन वर्षांचं भाडं आगाऊ बँकेत, आणि मेंटेनन्ससाठी ठेव सोसायटीच्या नावावर. बिल्डरच्या माणसाने विचारलं, "आजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" आई म्हणाली, "उधारीच्या वहीने." करार अजून व्हायचा आहे. बघू.

मित्र-मैत्रिणींनो, एक विनंती. संमेलनाला येताना घरातली एक जुनी भाडेपावती, गिरणीचा पास किंवा खाणावळीचं कार्ड घेऊन या. मी स्कॅनर आणणार आहे. फोटो जपून, कागद लगेच परत. चोपन्न नावं आपल्याकडे आहेत. पावतीवर कधीच न आलेली नावंही सांगा, ती मी तिसऱ्या रकान्यात लिहीन.