मत्स्यालयातील हिरवा गालिचा: प्रकाश, वायू आणि गोव्याचा उष्मा

काचेच्या टाकीच्या पुढील भागात, तळाला बिलगून पसरलेल्या बुटक्या पाणवनस्पतींच्या सलग थराला मत्स्यालयाच्या छंदात ‘कार्पेट’ अर्थात गालिचा म्हणतात. या शैलीला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती जपानमधील निगाता येथील छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था स्थापन केली आणि माशांपेक्षा वनस्पती व दगडांच्या रचनेला महत्त्व देणारे ‘निसर्ग मत्स्यालय’ रूढ केले. लिस्बनच्या सागरी संग्रहालयातील त्यांची ४० मीटर लांबीची टाकी २०१५ मध्ये खुली झाली.

गोव्यातही आता अनेक घरांत अशा टाक्या दिसतात. पण गालिचा धरत नाही, पिवळा पडतो किंवा शेवाळाखाली गुदमरतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. याचे कारण बहुधा नशिबात नसून प्रकाश, कर्बवायू आणि अन्नद्रव्ये यांच्या बिघडलेल्या मेळात असते. त्यात गोव्याच्या उष्ण हवामानाचा वाटा मोठा असतो.

कोणती वनस्पती निवडावी

गालिच्याच्या वनस्पती जमिनीलगत आडवी धावती खोडे सोडून पसरतात. क्यूबातील हेमिअँथस सर्वांत बारीक पानांची, पण तितकीच हट्टी. तिला भरपूर प्रकाश आणि वायू लागतो, शिवाय उष्णता सोसत नाही. ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंडकडील ग्लॉसोस्टिग्मा प्रकाश कमी पडला की आडवी पसरण्याऐवजी उभी वाढते. केसांसारख्या पातींची इलिओकॅरिस आणि गोल पानांची ‘मॉन्टे कार्लो’ या त्यामानाने सोशिक आहेत. नवशिक्याने गोव्यात सुरुवात करायची तर मार्सिलिया किंवा सॅजिटेरिया निवडणे शहाणपणाचे ठरते. दोन्ही मध्यम प्रकाशात व उष्ण पाण्यात तग धरतात. मार्सिलिया हे नेचे आहे. तिची चार पानांची भावंडे कोकण–गोव्यातील पाणथळ शेतांतही आढळतात.

तळ आणि जांभा

तळाचे दाणे १ ते ३ मिलिमीटरचे असावेत. त्याहून जाड असतील तर कोवळी मुळे धरत नाहीत. फार बारीक असतील तर तळ घट्ट बसून कुजतो. थर पुढे ४–५ सेंटीमीटर आणि मागे ८–१० सेंटीमीटर ठेवावा.

गोमंतकीयांच्या ओळखीच्या जांभ्या मातीला या छंदात मोठा इतिहास आहे. १९८० च्या दशकात जर्मनीतील छंदिष्टांनी उष्ण कटिबंधातील जांभा लोहाचा स्रोत म्हणून मत्स्यालयाच्या तळात वापरण्याची पद्धत लोकप्रिय केली. मात्र जांभ्यात लोह विपुल असले तरी नत्र तुटपुंजे असते आणि स्फुरद त्यातील लोहाशी बांधले जाते. त्यामुळे अंगणातील नुसती तांबडी माती टाकून गालिचा येत नाही. तिच्या जोडीला मुळांशी देण्याच्या खतगोळ्या लागतात. खाण भागातील टाकाऊ माती तर अजिबात वापरू नये. तिचे अतिसूक्ष्म कण पाणी आठवडेच्या आठवडे गढूळ ठेवतात आणि पानांवर बसून प्रकाश अडवतात.

पाणी

जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी साधारणपणे मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. बहुतेक पाणवनस्पतींना ते मानवते. पण फार मऊ पाण्यात कॅल्शियम कमी पडते आणि नवी पाने वाकडी येतात. स्वच्छ धुऊन उकळलेल्या तिसऱ्यांच्या मूठभर शिंपल्या गाळणयंत्रात ठेवल्यास पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढतो. याउलट मोरजी, हरमल, केरी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीच्या पाण्याची क्षारता आधी तपासून घ्यावी, विशेषतः उन्हाळ्यात. नळाचे पाणी वापरताना क्लोरीननाशक द्रावण टाकावे.

प्रकाश आणि कर्बवायू

गालिचा टाकीच्या तळाशी असतो आणि पाण्यातून खाली जाताना प्रकाश क्षीण होत जातो. म्हणून उथळ टाकी सोयीची. दिवा रोज ६ ते ८ तासच लावावा. दिवा वाढवून वायू व खत तेवढेच ठेवले, तर वाढते ते शेवाळच. खिडकीतून येणारे थेट ऊनही टाळावे.

पाणवनस्पतींच्या वाढीत सर्वाधिक अडसर ठरतो तो कर्बवायूचा अभाव. हवेच्या संपर्कातील पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. दाट गालिच्यासाठी २० ते ३० मिलिग्रॅम लागतो. शिवाय पाणी २० अंशांवरून ३० अंश सेल्सिअसवर गेले की त्यात हा वायू विरघळण्याची क्षमता सुमारे चौथ्या हिश्शाने घटते. प्राणवायूही कमी विरघळतो, तर मासे आणि वनस्पती यांचे श्वसन मात्र वाढते. थंड देशांतील चित्रफिती पाहून दिलेली मात्रा येथे वनस्पतींना अपुरी आणि माशांना जाचक ठरते, त्याचे कारण हेच.

वायूचे प्रमाण पाहण्यासाठी टाकीत रंग बदलणारा काचेचा सूचक लावावा. त्यात टाकीचे पाणी न घालता ठरावीक क्षारतेचे तयार द्रावण घालावे. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे धोका. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे मारू लागले, तर सूचकाचा रंग काहीही असो, वायू तत्काळ बंद करून पाणी ढवळावे.

सिलिंडर वापरणाऱ्यांनी विजेवर चालणारी झडप अवश्य बसवावी. दिवा लागण्यापूर्वी तासभर वायू सुरू व्हावा आणि दिव्याबरोबर बंद व्हावा. अंधारात वनस्पती तो वापरत नाहीत. पावसाळ्यात वीज गेली की ही झडप आपोआप मिटते. ती नसेल, तर दिवा व गाळणयंत्र बंद पडूनही वायू सुटत राहतो आणि रात्रीतून सारे मासे दगावू शकतात. साखर आणि यीस्टची घरगुती बाटली स्वस्त असली तरी उकाड्यात ती झपाट्याने आंबते व लवकर संपते.

उष्म्यावर उपाय

पाण्याचे तापमान २४ ते २६ अंशांत ठेवणे हे ध्येय असावे. पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी थंड करतो. दमट दिवसांत मात्र बाष्पीभवन मंदावते आणि त्याचा उपयोग घटतो. अशा वेळी दिव्याचे तास कमी करावेत. उडालेल्या पाण्याची भर घालताना क्षार कमी असलेले पाणी वापरावे, अन्यथा टाकीतील क्षार साठत जातात.

लागवड आणि निगा

प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने वाढवलेली रोपे गोगलगायी व शेवाळापासून मुक्त असतात. त्यांचे लहान झुपके करून लांब चिमट्याने दोन-तीन सेंटीमीटर अंतराने लावावेत. ‘कोरडी सुरुवात’ हीदेखील उपयुक्त पद्धत आहे. तळ फक्त ओला ठेवून टाकी पारदर्शक आवरणाने झाकतात, चार ते आठ आठवडे मुळे धरू देतात आणि मगच पाणी भरतात. या काळात बुरशी टाळण्यासाठी आवरण रोज थोडा वेळ उघडावे.

पाणी भरल्यावर पहिले काही आठवडे ते वारंवार बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत. गालिचा दाट झाला की कात्रीने छाटावा. न छाटल्यास खालचे थर प्रकाशाअभावी कुजतात आणि सगळा गालिचा सुटून वर तरंगतो. तळ उकरणारे गोल्डफिशसारखे मासे अशा टाकीत ठेवू नयेत.

सड्यावरचा गालिचा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील लोकांना असा गालिचा पाहण्यासाठी टाकीची गरज नाही. पावसाळ्यात जांभ्या सड्यांवर, बोटभर मातीत आणि साचलेल्या पाण्यात, पांढऱ्या गेंदांच्या आणि निळसर सीतेच्या आसवांच्या चादरी अंथरल्या जातात. यांतील बहुतेक वनस्पती एकाच हंगामाच्या असतात. त्या पावसाबरोबर उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पाणी आटताच मरतात. त्यामुळे त्या उपटून टाकीत लावल्या तरी टिकत नाहीत. सड्यावर मात्र पुढच्या वर्षीचे बी कमी होते. गेंदांच्या काही जाती मत्स्यालयासाठी विकल्या जातात. त्या रोपवाटिकेतूनच घ्याव्यात. आधीच अनेक सडे खाणी आणि बांधकामांखाली गेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा विमानतळही सड्यावरच उभा आहे. उरलेल्या सड्यांवरील मूठभर मातीही त्यामुळे मोलाची आहे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच गंभीर आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी भारतात शोभेची वनस्पती म्हणूनच आली. टाकीत पाळला जाणारा, काच साफ करणारा सकर मासाही आज देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. छाटलेल्या पाणवनस्पतीचा इवलासा तुकडाही नवे रोप होऊ शकतो. म्हणून छाटणी उन्हात पूर्ण वाळवून खतात घालावी आणि टाकीचे पाणी झाडांना द्यावे. मयेचे तळे, ओहोळ किंवा शेताचे पाट यांत ते कधीही सोडू नये. नको झालेले मासे विक्रेत्याकडे अथवा दुसऱ्या छंदिष्टाकडे द्यावेत.