‘लेट’ या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकांत मुलांस ‘लेट’ हें क्रियापद भेटतें. ‘जाऊं दे’, ‘बसूं दे’ या मराठी धाटणीशीं तें इतकें जुळतें कीं अधिक विवरणाची गरज कोणास वाटत नाहीं. परंतु भारतीय पासपोर्टाच्या आरंभीं राष्ट्रपतींच्या नांवें जी विनंती छापलेली असते, तींत हाच शब्द नेमका उलट अर्थानें आला आहे. धारकास अडथळा न करतां जाऊं द्यावें, अशी ती विनंती. आणि तेथें ‘अडथळा’ या अर्थीं योजलेल्या दोन शब्दांपैकीं एक ‘लेट’ हाच आहे.

परवानगी आणि प्रतिबंध एकाच शब्दांत कसे नांदतात? वस्तुतः हे शब्द दोन होते. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वींच्या इंग्रजींत ‘सोडणें, राहूं देणें’ या अर्थाचें दीर्घ स्वराचें एक क्रियापद होतें. जर्मन ‘लासेन’ हें त्याचें भावंड. दुसरें ऱ्हस्व स्वराचें क्रियापद ‘मंद’ या अर्थाच्या विशेषणापासून निघालें होतें. त्याचा अर्थ खोळंबा करणें. ‘गाडी लेट आहे’ असें म्हणणारा मराठी माणूस नकळत याच दुसऱ्या कुळांतील शब्द उच्चारीत असतो. (पाणिनीच्या लेट् लकाराशीं मात्र या दोहोंचें केवळ नादसाम्य आहे.) फार मागें गेल्यास दोन्ही कुळें एकाच मुळाशीं पोंचतात, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तें अशक्य नाहीं. सैल सोडलें तें सुटतें, आणि सैल पडलें तें मागें राहतें.

पुढें पहिल्या क्रियापदाचा स्वरही ऱ्हस्व झाला आणि दोन्ही रूपें एक झालीं. तरी कित्येक शतकें दोन्ही अर्थ सुखेनैव चालू होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्या अंकांत पित्याचें भूत खुणावीत असतां मित्र राजपुत्रास धरून ठेवतात. तेव्हां ‘लेट’ करणाऱ्यास ठार करण्याची धमकी तो देतो. आजच्या अर्थानें वाचल्यास, वाट मोकळी करणाऱ्यालाच तो मारूं पाहतो असें होईल!

नाटकांत अशी चूक हास्यास्पद ठरते; धर्मग्रंथांत ती तितकी निरुपद्रवी नाहीं. १६११ च्या इंग्रजी बायबलांत संत पॉल रोमकरांस कळवितो कीं तुमच्याकडे येण्याचा बेत मीं पुष्कळदां केला, पण माझें ‘लेट’ झालें, म्हणजे अडलें. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तर अधर्माला आवरून धरणाऱ्या शक्तीविषयीं हेंच क्रियापद आहे. नवा अर्थ घेतला तर अधर्मास रोखणारा तोच त्यास मोकळीक देणारा ठरतो! १८८१ मध्यें नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली तेव्हां पंडितांनीं दोन्ही ठिकाणीं शब्द बदलले, तें योग्यच झालें.

आज जुना अर्थ उरला आहे तो पासपोर्टासारख्या कायदेशीर वाक्प्रयोगांत, आणि टेनिसच्या मैदानावर. सर्व्हिसचा चेंडू जाळीस स्पर्शून योग्य चौकोनांत पडला कीं पंच ‘लेट’ पुकारतो. कित्येक तो शब्द ‘नेट’ असाच समजतात.

दोहोंपैकीं अडविणारेंच क्रियापद कां मेलें, याचें कारण दूर नाहीं. सोडणारें क्रियापद आज्ञार्थाच्या रोजच्या वाक्यरचनेंत मुरलें होतें. त्यावांचून बोलणेंच खुंटतें. अडविण्यास मात्र ‘हिंडर’ आणि ‘प्रिव्हेंट’ हे शब्द हाताशीं होते. त्यांतील ‘प्रिव्हेंट’ची गोष्टही साधी नाहीं : १६११ च्या त्याच बायबलांत त्याचा अर्थ अडविणें नसून ‘आधीं जाणें’ असा आहे.