पॅरिस ऑपेराचा कपडेपट

संस्थेची वाटचाल सांगायची म्हटली की आधी संस्थापक, मग संचालक, मग इमारत, असा क्रम लागतो. पॅरिस ऑपेराची गोष्ट मात्र कपडेपटातून सांगावी असं मला वाटतं. 1669 साली चौदाव्या लुईच्या सनदेने सुरू झालेल्या या संस्थेने राज्यक्रांती पाहिली, सम्राट पाहिले, पुन्हा राजे पाहिले, आणि दर वेळी नाव बदलून घेतलं. त्या धामधुमीत तिच्या बॅले नर्तकीचा झगा घोट्याजवळून गुडघ्याच्या वर गेला. मोजायला गेलं तर हातभर अंतर. ते कापायला उभं एकोणिसावं शतक लागलं, आणि कात्री कुठे चालवायची हे ठरवणाऱ्यांत झगा घालणारी बाई क्वचितच होती.

सुरुवात तशी आधीच झाली होती. अठराव्या शतकात मारी कामार्गोने आपलं पदलालित्य दिसावं म्हणून झगा थोडा वर घेतला होता, तेव्हा केवढा गहजब झाला. क्रांतीनंतर ग्रीक पुतळ्यांची फॅशन आली. सांगाड्यावर ताणलेले अवजड घेर गेले. पातळ मलमल, सपाट पादत्राणं आणि त्वचेच्या रंगाचे अंगाला चिकटून बसणारे मोजे आले. या मोज्यांना फ्रेंचमध्ये ‘मायो’ म्हणतात. ते नाव ऑपेराला मोजे पुरवणाऱ्या एका मायो नावाच्या माणसावरून पडलं, असं सांगतात. पुढे राजेशाही परतली तशी सोवळंही परतलं. ललित कलांचं खातं सांभाळणाऱ्या सोस्थेन द ला रोशफुको या सरदाराने नर्तकींचे झगे लांब करण्याचा हुकूमच काढला. पॅरिसने त्याची यथेच्छ टिंगल केली.

खरा बदल घडवला तो दिव्याने. 1821 साली ऑपेरा ल पेलतिए रस्त्यावरच्या नव्या नाट्यगृहात गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे गॅसच्या बत्त्या आल्या. गॅसची ज्योत कमीजास्त करता येते. रंगमंचावर चांदणं पाडता येऊ लागलं, आणि त्या चांदण्यात पांढऱ्या तलम कापडाचे थरावर थर आतून उजळल्यासारखे दिसतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. कापडही वेळेवर हजर झालं. इंग्लंडात जॉन हीथकोटने जाळी विणायचं यंत्र काढलं होतं. बोटांनी विणायची नाजूक जाळी आता वारांच्या हिशेबाने मिळू लागली. ‘ट्यूल’ हे तिचं नाव एका फ्रेंच गावाचं.

1831 मध्ये लुई व्हेराँ संचालक झाला. मूळचा डॉक्टर, पण पैसा केला तो छातीच्या विकारावरचं औषध विकून. लोकांना काय हवं हे त्याला नेमकं कळत असे. त्याच वर्षी ‘रोबेर ल दियाब्ल’ या संगीतिकेत मठातल्या मृत जोगिणी थडग्यांतून उठून नाचल्या आणि पॅरिसच्या अंगावर काटा आला. जोगिणींची मठाधिपती होती मारी ताल्योनी. 12 मार्च 1832 रोजी तिच्या वडिलांनी बसवलेला ‘ला सिल्फिद’ हा बॅले रंगमंचावर आला. पोशाखांची चित्रं काढली होती ओझेन लामीने. अंगासरशी बसणारी चोळी, उघडे खांदे, पोटरीपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा झगा, पाठीला दोन चिमुकले पंख. बस्स, इतकंच. स्कॉटलंडमधल्या घरात चौकड्यांचे कपडे घातलेली गावची माणसं, आणि त्यांच्यात ही पांढरी वाफ. झग्याची लांबी मोठ्या हुशारीने बेतलेली होती: पाऊल आणि घोटा दिसावा, बाकी सगळं झाकून राहावं, म्हणजे बाई जमिनीला टेकलेलीच नाही असा भास होतो.

ताल्योनीचे बूट जवळून पाहण्यासारखे आहेत. हल्लीच्या बुटांसारखा त्यांत टणक चवडा नव्हता. साधा मऊ साटीनचा बूट, पातळ तळवा, आणि टोकाशी व कडेने दाट रफू. त्या दोऱ्याच्या विणीवर आणि स्वतःच्या बोटांच्या ताकदीवर ती उभी राहत असे. प्रेक्षकांना परी दिसत होती. मला ती सुई दिसते.

मग पांढऱ्याची लाटच आली. ‘जिझेल’मध्ये (28 जून 1841) पोल लोर्मिएने दुसरा अंक पूर्ण पांढरा ठेवला. फॅनी एल्सलरने मात्र 1836 मध्येच गुलाबी साटीनवर काळी लेस लावून स्पॅनिश ‘काचुचा’ नाचून दाखवला होता, आणि ताल्योनीवाले व एल्सलरवाले असे तट पडले होते. आपल्याकडे गवय्यांवरून पडायचे तसेच.

या कपडेपटातून आपली शकुंतलाही सुटली नाही. ‘जिझेल’च्या कथालेखकांपैकी एक असलेल्या तेओफील गोतिएने कालिदासावरून संहिता केली आणि 1858 साली ‘साकुंताला’ ऑपेरात नाचली गेली. बावीस वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत होते. पॅरिसमध्ये उलटी गंगा. 1870 च्या ‘कोपेलिया’त नायक फ्रान्झचं काम ओजेनी फिओक्र या बाईने केलं. पुरुषी तंग विजारीत तिचे पाय जसे दिसत तसे झग्यात दिसले नसते, आणि वर्गणीदारांनी दुर्बिणी काही देखावा बघायला आणलेल्या नसत.

चांदणं पाडणाऱ्या बत्तीचा दुसरा गुण तोवर सगळ्यांना ठाऊक झाला होता. स्वयंपाकघरात ‘स्टोव्हपाशी नायलॉनची साडी नेसून जाऊ नकोस’ असं बजावणारी पिढी आपण पाहिली आहे. ट्यूल आणि मलमल त्याच जातीची. थर सुटे, मधे हवा खेळती, एक ठिणगी पुरे. लंडनमध्ये नर्तकी क्लारा वेब्स्टर 1844 मध्ये अशीच गेली. 1859 साली फ्रान्समध्ये शाही फर्मान निघालं की रंगमंचावरचं कापड कार्तरों नावाच्या माणसाच्या पद्धतीने रसायनात बुडवून अग्निरोधक करावं. त्याने कापड ताठ होई, पांढरा रंग मळकट दिसे. नर्तकी कुरकुरल्या. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्हरी हिने तर लेखी कळवलं की मी माझ्या नेहमीच्याच झग्यात नाचणार, जबाबदारी माझी. 1860 साली ताल्योनीने तिच्यासाठी ‘ल पापियों’ बसवला. त्यात मशालीने पंख जळणारं फुलपाखरू तीच होती.

15 नोव्हेंबर 1862. ‘ला म्युएत द पोर्तिसी’ची तालीम. लिव्हरीने झगा चुरगळू नये म्हणून सावरला, त्या वाऱ्याने बत्तीची ज्योत ओढली गेली. ती पेटलेल्या अवस्थेत रंगमंचावर धावत सुटली. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी ती वारली. जेमतेम विशीची होती. तिला हट्टी ठरवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. नर्तकीचं पोट दिसण्यावर होतं, आणि मळकट झग्यातल्या परीला कुणी टाळ्या देणार नव्हतं. फर्मान काढणाऱ्याने बत्तीला जाळी लावायचा आग्रह धरला असता तर?

1873 मध्ये ल पेलतिएचं नाट्यगृहच जळालं. 5 जानेवारी 1875 ला वास्तुकार गार्निएची भव्य इमारत उघडली. तिच्यात नर्तकींच्या दालनाला सोन्याचा मुलामा आणि आरसे होते, वर्गणीदारांना त्या दालनात मुक्त प्रवेश होता. नाच मात्र थकला होता. नवं ते मिलानकडून आलं. इटालियन मुली टणक चवड्याच्या बुटांत गरगर फिरत, आणि गिरकी दिसायची तर गुडघा दिसायला हवा. पियेरिना लेन्यानीच्या सलग 32 गिरक्या पोटरीपर्यंतच्या झग्यात कुणाला मोजता आल्या असत्या? तेव्हा झगा आखूड झाला, खळ देऊन आडवा उभारला गेला, आणि शतक संपता संपता त्याला ‘टूटू’ हे नाव चिकटलं. शब्द मूळचा पोराटोरांचा, पार्श्वभागासाठीचा.

चित्रकार देगाने 1881 साली ऑपेराच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा मेणाचा पुतळा मांडला, त्याला खरी चोळी, खरा झगा, खरे बूट घातले. समीक्षक बिथरले, रंगमंचावर जे बघायला ते पैसे मोजत होते, तेच हाताच्या अंतरावर त्यांना बघवेना.

कपडेपटाची कागदपत्रं आता ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात आहेत. लामीने काढलेलं सिल्फिदच्या पोशाखाचं चित्र तिथे जपलेलं आहे. आणि त्याच संग्रहात, एका लहानशा पेटीत, एमा लिव्हरीच्या अंगावरून उरलेल्या कापडाच्या जळक्या चिंध्या आहेत.