घंटेची हाक आणि नावाची हाक

जयंतीचे वर्ष आले म्हणजे प्रत्येक धर्मग्राम आपला हिशेब मांडावयास बसतो. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, वेदीची दुरुस्ती कोणाच्या कारकिर्दीत झाली, कोणकोणते पूज्य धर्मगुरू येऊन गेले, या सर्व गोष्टी स्मरणिकेत येतात व त्या यावयासच पाहिजेत. परंतु वाचकहो, क्षणभर थांबून प्रत्येकाने स्वतःस विचारावे की, मला क्रूसखूण करावयास प्रथम कोणी शिकविले? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धर्मगुरूंच्या आधी दुसरेच कोणी उभे राहील. एखादी आजी, एखादी शेजारीण, किंवा आयतवारच्या मिसेनंतर पोरे जमवून बसणारे एखादे गृहस्थ. यांची नावे कोणत्याही पाटीवर कोरलेली नाहीत. त्यांनी वेतन मागितले नाही व कोणी दिलेही नाही. या निरपेक्ष सेवेचा, व विशेषतः वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी केलेल्या सेवेचा, थोडका इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

वालावल हे गाव कर्ली नदीच्या काठचे. माडांच्या राया, श्रीलक्ष्मीनारायणाचे जुने देवालय आणि त्याजवळील तलाव यांमुळे त्याची कीर्ती दूरवर गेलेली आहे. या मुलखात आम्ही ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आणि आमची घरे विखुरलेली. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीपासून वेगळा झाला, आणि पुणे धर्मप्रांतापासून वेगळा असा सिंधुदुर्ग धर्मप्रांत तर 2005 साली स्थापन झाला. जेथे वाडी एकीकडे व देऊळ दुसरीकडे, तेथे धर्मगुरूंनी रोज घरोघर पोहोचणे मनुष्यशक्तीपलीकडचे आहे. म्हणून या किनाऱ्यावर श्रद्धेचा दिवा तेवत ठेवण्याचे काम सामान्य प्रापंचिकांच्या हाती आपोआप आले.

या कामाचा आरंभ शोधू गेल्यास दृष्टी गोव्याकडे वळते. 6 मे 1542 रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हातात लहानशी घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून हिंडत, मुलांना हाक मारीत आणि त्यांचा घोळका घेऊन देवळात जात. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तिचा उत्तरार्ध मात्र थोड्यांस ठाऊक असतो. त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर, कोळी बांधवांत गेले. तेथे आजाऱ्यांची बोलावणी इतकी येऊ लागली की, एकट्याने सर्वत्र जाणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी प्रार्थना पाठ झालेली मुलेच आजाऱ्यांच्या घरी पाठविली. मुलांनी घरच्यांस व शेजाऱ्यांस एकत्र करावे आणि सर्वांकडून श्रद्धांगीकार म्हणवून घ्यावा, अशी योजना होती. हे त्यांनी स्वतःच्या पत्रात नमूद केले आहे. यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. ज्यांना बोलाविले, त्यांनाच त्यांनी पाठविले. शिकणारा मुलगा त्याच हंगामात शिकविणारा झाला.

पुढे 1579 साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मराठी भाषेत क्रिस्तपुराण रचिले व ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभी असा प्रसंग आहे की, धर्मशिक्षणाच्या वेळी एक श्रोता पाद्रीगुरूंस विनवितो की, आमच्यासाठी आमच्या भाषेत पुराण सांगावे. एवढा थोर ग्रंथ एका श्रोत्याच्या मागणीतून उभा राहतो, ही गोष्ट शिकविणाऱ्याने कधी विसरू नये. समोरचा काय विचारतो हे ज्याने ऐकले, त्यालाच पुढे काय सांगावे हे सुचले.

युरोपातही हेच काम प्रापंचिकांच्या खांद्यावर उभे होते. मिलान शहरी 1536 साली कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो नावाच्या धर्मगुरूंनी सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी धर्मशिक्षणाच्या शाळा सुरू केल्या. त्यांत शिकविणारे बहुतांशी साधे गृहस्थ व स्त्रिया असत. संत चार्ल्स बोरोमेओ यांनी त्या शाळांस आश्रय दिला. 1584 साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या धर्मप्रांतात अशा 700 हून अधिक शाळा, सुमारे 3000 शिक्षक व 40000 विद्यार्थी होते. पुढे 1905 साली पोप दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा संघ असावाच, असे फर्माविले, त्याच्या मुळाशी हीच परंपरा होती.

येथपर्यंतचा इतिहास मुख्यत्वे लहान मुलांचा झाला. लहान मूल घंटेने येते. सोळा वर्षांचा मुलगा घंटेने येत नाही, हा प्रत्येक धर्मग्रामाचा अनुभव आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारताना पांढऱ्या पोषाखात ओळीने उभी राहिलेली मुले दृढीकरण झाल्यावर हळूहळू दिसेनाशी होतात. आपण त्यांस आळशी किंवा अश्रद्ध म्हणून मोकळे होतो. खरे कारण काय असते, ते संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रातील एका प्रसंगावरून चांगले उमगते.

8 डिसेंबर 1841 रोजी तुरीन शहरी ते मिसेसाठी वस्त्रे चढवीत होते. इतक्यात सांक्रिस्तीत एक अनोळखी मुलगा शिरला. मिसेस सेवा करण्यास सांक्रिस्तांवाने त्यास सांगितले. ते त्याला येईना, तेव्हा सांक्रिस्तांवाने झाडणीच्या दांड्याने त्याला मारून बाहेर घालविले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलावून आणविले व हा माझा मित्र आहे, असे सांगितले. बार्थोलोम्यू गारेल्ली हे त्याचे नाव. वय सोळा, आईबाप वारलेले, लिहिणे वाचणे येत नाही. धर्मशिक्षणास का जात नाहीस, असे विचारता त्याने उत्तर दिले की, माझ्याहून लहान मुलांना सर्व येते, मला एवढे वाढून काहीच येत नाही, म्हणून लाज वाटते. मी तुला एकट्याला शिकविले तर येशील काय? येईन, म्हणाला. केव्हा? आताच. त्याच दिवशी, निष्कलंक मातेच्या सणी, पहिला पाठ झाला. पुढच्या आयतवारी तो एकटा आला नाही, सोबत्यांस घेऊन आला.

वाचकहो, त्या मुलाच्या ठायी अश्रद्धा नव्हती, लाज होती. ती ओळखण्यास विद्वत्ता लागली नाही. त्याचे नाव विचारण्यापुरता वेळ व त्याला हाकलणार नाही असा माणूस, एवढेच लागले. आणि येथेही तोच क्रम पुन्हा दिसतो. 1859 साली डॉन बॉस्कोंनी सालेसियन संघ स्थापिला तेव्हा त्यांच्या भोवतीचे बहुतेक सोबती त्यांच्याच आश्रयास वाढलेले तरुण होते. तो संघ 1906 साली तंजावरास व 1928 साली मुंबईस आला.

मुंबईचे नाव निघाले म्हणजे कोकणच्या माणसास घर सोडून गेलेल्यांची आठवण होते. गोव्याच्या गावांनी आपल्या मुलांसाठी मुंबईत कूड स्थापिले होते. बोटीवर किंवा घरकामास लागू पाहणारी, मिसरूडही न फुटलेली पोरे तेथे उतरत. गावच्या संताची तसबीर भिंतीवर असे आणि सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी असा दंडक असे. हा दंडक चालविणारे धर्मगुरू नव्हते. त्याच गावचे वडीलधारे खलाशी, स्वयंपाकी, शिंपी असे ते लोक होते. परक्या शहरात पोराच्या पाठीवर हात ठेवणारा कोणी असावा, एवढी त्यांची दृष्टी होती. आजही आमची मुले कुडाळास गाडीत बसतात आणि मुंबईस, पुण्यास, गोव्यास जातात. त्यांची विचारपूस करणारे तेथे कोण आहे, हे आपण विचारतो काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली, तरुणांमधील प्रेषितकार्याचे पहिले सेवक तरुणच असावेत, असा आशय प्रकट केला. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली तरुणांस उद्देशून लिहिलेल्या पत्रात तोच विचार पुढे नेला. म्हणजे संत झेवियरांनी कोळ्यांच्या पोरांकडून जे करून घेतले, तेच आज ख्रिस्तसभा आपणांकडून अपेक्षिते. वाढत्या मुलाला केवळ बाकावर बसवून उपदेश ऐकविला तर तो दारातून निघून जातो. त्याला काम दिले, लहानांचा वर्ग सोपविला, आजाऱ्याच्या घरी पाठविले, गायनात उभे केले, तर तो थांबतो, कारण आपल्यावाचून काही अडते असे त्यास कळते.

येथे एक कर्तव्य स्पष्ट शब्दांत सांगणे प्राप्त आहे. मुलांच्या सेवेत केवळ सद्भाव पुरत नाही. लेकरांच्या विश्वासाचा घात ख्रिस्तसभेतही झाला, हे दुःख लपविण्यात अर्थ नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली अशा तक्रारींसाठी प्रत्येक धर्मप्रांतात सोय असावी असा नियम केला. आपल्या देशातही 2012 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराची वार्ता पोलिसांस कळविणे बंधनकारक केले आहे. म्हणून जो कोणी ही सेवा पत्करील त्याने ती उघड्या दाराने, चारचौघांसमक्ष व आईबापांच्या माहितीने करावी. खरा सेवक या बंधनांस अपमान मानीत नाही.

असो. जयंतीचे दिवस सरतील, तोरणे उतरतील, मंडप सोडला जाईल. त्यानंतरच्या आयतवारी देवळाच्या मागच्या भिंतीशी टेकून एखादा मुलगा उभा राहील. आत यावे की निघून जावे, हे त्याचे ठरलेले नसेल. त्याच्याकडे चालत जाऊन त्याचे नाव विचारणारा एक तरी मनुष्य आमच्यात निघाला, तर आजी व शेजारणींनी आम्हांवर केलेल्या ऋणाचा अल्पसा फेड झाला असे आम्ही समजू. बारा वर्षांचा येशू मंदिरात हरवला असता तीन दिवस त्याचा शोध करणारी ती पवित्र मरिया माता आमच्या मुलांचा शोध करण्याचे बळ आम्हांस देवो. आमेन.